आडोसा

पहिल्या दिवशी आठ होतो.
कुडलच्या संगमावर शरणप्पाचा गुडघा बसला,
त्याला मेव्हण्याच्या टेम्पोत, सायकलसकट,
कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर आडवा करून
परत पाठवला.
कडक भाकऱ्यांची पिशवी तेवढी त्यानं
आमच्याकडं सोडली.

सीना भीमेला मिळते तिथं
फेब्रुवारीतच पाणी मधोमध आकसलेलं,
आणि काठाला दोन-दोन पुरुष खोल घळी,
कोणी जमिनीची शिवण उसवत गेल्यासारख्या.
मेहरुन्निसा म्हणाली, हे आमच्या भूगोलात
परदेशाच्या धड्यात होतं.
राजमोगली काही म्हणाले नाहीत.
त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

चौतीस वर्षं यंत्रमागावर.
चार माग एकट्यानं, दोन-दोन पाळ्या,
चादरीमागं चादर,
आणि दर चादरीत कानातलं थोडं थोडं
तिकडंच विणलं गेलं.
आता एकसष्ट. जावयानं दिलेली निळी सायकल,
कॅरियरला बांधलेला लाल चौकड्यांचा टॉवेल.

म्हणून मंद्रूपला चहा पितानाच ठरलेलं:
आपलं ओरडणं त्यांच्या कामाचं नाही.
मागच्यानं पाठीला हात लावायचा.
एक बोट: ट्रक.
तळवा: थांबा.

दुसऱ्या दिवशी मोहोळ सोडलं नि वारा समोर आला.
वारा कसला,
कडब्याची वाळली पानं तोंडावर मारणारा कोणी.
दोन्हीकडं धसकटं, मुरमाच्या उघड्या खाणी,
बाभळीनं दिली ती सावली चाळणीतून गाळलेली.
किलोमीटरचे दगड
एकमेकांपासून लांब लांब उभे राहू लागले.

वैरागच्या अलीकडं पाय माझे राहिले नाहीत.
मागं पडणं म्हणजे काय, सांगते:
पुढच्याच्या चाकापासून एक हात लांब असेपर्यंत
वारा तुमचा नसतो, त्याचा असतो.
दोन हात झाले की तुमचा.
दहा हात झाले की फक्त तुमचाच.

हाक मारली.
वाऱ्यानं ती उचलून माझ्याच मागं टाकली.

वळून पाहिलं ते एकट्यानं, सगळ्यांत पुढच्यानं,
ज्यांना हाक ऐकूच येत नाही.
उन्हं मागून होती, ते रस्त्यावरच्या सावल्या
मोजत चालले होते म्हणे,
आणि सात भरेनात.
(दोरा तुटलेला आवाजावरून थोडाच कळतो,
रात्री म्हणाले, कापडाकडं बघावं लागतं.)

माझ्यापुढं येऊन त्यांनी अंगठा
स्वतःच्या मागच्या चाकाकडं केला.
"पदंडी!"
गरजेपेक्षा मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात.

मग अकरा किलोमीटर मी पाहिलं ते इतकंच:
टॉवेलची गाठ,
सदऱ्यावर वाळलेलं मीठ,
भेगाळलेली टाच, वर, खाली, वर,
कमी नाही, जास्त नाही.
ट्रक मला ऐकू यायच्या आधी त्यांचा डावा हात वर.
डांबरातून येतो म्हणे, हँडलातून, तळव्यात.

बार्शीला एका मंगल कार्यालयाच्या ओसरीवर
शरणप्पाच्या भाकऱ्या दह्यात मोडल्या.
शेंगाचटणीवरून दोघांचं थोडं भांडण झालं.
मी झोपले ती कपड्यानिशीच.

तिसऱ्या दिवशी नान्नजच्या माळावर पक्षी नव्हता.
चौकीवरच्या माणसानं
विचारायच्या आधीच मान हलवली.
गवत मात्र होतं, पुष्कळ, पिवळं,
आणि त्यातून जाणारा वारा
आज पाठीमागून.

अशोक चौकात राजमोगली
न बघताच आपल्या गल्लीकडं वळले.
आम्ही सहाही जणांनी घंट्या वाजवल्या.
रिक्षावाला चिडून बाजूला झाला.
ते चाललेच होते.

मी जोर काढला, गाठलं,
पाठीवर तळवा ठेवला.
थांबले.
एक पाय जमिनीवर, प्रश्न डोळ्यांत.

मग मला काही सुचेना.
टॉवेलची गाठ सैल झाली होती,
तीच दाखवली.